म्हातारपणाचा वाटा



बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात, नांदूरघाट नावाचे गाव आहे. तेथील एखादे देवालय किंवा लढाईची जागा दाखवावी, म्हणून मी आज तुम्हांला त्या गावी नेत नाही. त्या मुलुखातील कोणत्याही शेतकरी घरात एक ना एक दिवस जी गोष्ट घडते, ती घडत असता ओसरीच्या कोपऱ्यात आपण क्षणभर बसावे, एवढीच इच्छा आहे. ती गोष्ट म्हणजे वाटणी.

भावकीतील चार वडील माणसे घोंगडीवर बसलेली असतात. काळी जमीन कोणाकडे जावी, बरड कोणाच्या वाट्यास यावी, विहिरीच्या पाण्याची पाळी कशी लावावी, बैलजोडी कोणी ठेवावी आणि तिच्या बदल्यात कोणी काय घ्यावे, ह्याचा खल झालेला असतो. मन मानत नसेल तेथे चिठ्ठ्या टाकून त्या लहान पोराच्या हातून उचलविल्या जातात. हंडे, परात, कणगी, गोठ्याची कौले, सर्वांची व्यवस्था लागते. मग, पान लावता लावता, कोणीतरी घसा खाकरून विचारतो, “मग आता ह्या दोघांचं कसं?” थोडा वेळ कोणी बोलत नाही. नंतर तोड निघते : माय थोरल्याकडे राहील, बापू धाकट्याकडे राहतील. किंवा दोघांनीही महिन्यामहिन्याच्या पाळीने ह्या घरी व त्या घरी जेवावे. ज्यांचा संसार चाळीस वर्षे एका चुलीवर झाला, ते नवराबायको अशा रीतीने चिठ्ठी न टाकताच विभागले जातात.

अशी वाटणी ज्यांनी पाहिली असेल, त्यांच्या मनात एक शंका येऊन गेली असेल. हा प्रश्न सर्वांच्या शेवटी का निघावा? गुळगुळीत उत्तर असे मिळते, की आईबापांना पोसणे हा धर्मच आहे, तो काय कागदावर लिहावयाचा? परंतु आपल्या धर्मशास्त्राचे जुने ग्रंथ उघडले, तर उलटाच प्रकार दिसतो. गावात जो प्रश्न शेवटी विचारला जातो, तो शास्त्रकारांनी आरंभी विचारला होता. आणि त्याचे उत्तर त्यांनी मुलांच्या दयेवर न सोडता वाट्यात मोजून दिले होते.

योगायोग असा, की हे वाटे ज्यांनी मोजले ते पंडित ह्याच मुलुखाच्या दोन बाजूंचे होते. नांदूरघाटच्या आग्नेयेस कल्याणी आहे. आज तिला बसवकल्याण म्हणतात व ती कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात मोडते. वायव्येस गोदावरीकाठी पैठण आहे. कल्याणीस चालुक्य विक्रमादित्य सहावा राज्य करीत असता, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, नातू शंकरभट्ट, आणि शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठभट्ट. ह्या नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘व्यवहारमयूख’ रचला. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी १६७४ साली रायगडास आलेले गागाभट्ट ह्याच घराण्यातले. इंग्रजांनी न्यायासने मांडिली तेव्हा हे दोन ग्रंथ मुंबई इलाख्याच्या हिंदू कायद्याचे दोन खांब ठरले. मयूखाचे इंग्रजी भाषांतर बोराडेलने १८२७ साली केले. मिताक्षरेतील दायविभागाचे कोलब्रुकने त्यापूर्वीच, १८१० साली केले होते. एरवी ज्यांनी संस्कृताचे अक्षर वाचले नाही अशा लक्षावधी कुटुंबांच्या घरदाराची वाटणी ह्या दोन पुस्तकांच्या आधारे होत राहिली.

विज्ञानेश्वराचा मुख्य सिद्धांत सर्वश्रुत आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. बाप मरेपर्यंत मुलाने वाट पाहावी, हे मत बंगालच्या जीमूतवाहनाचे. दक्षिणेने ते स्वीकारिले नाही. हा सिद्धांत शिकविताना आपण नेहमी मुलाच्या बाजूने बोलतो, कारण त्यात मुलाचा लाभ उघड दिसतो. पण त्याची दुसरी बाजू म्हाताऱ्यांच्या लाभाची आहे. बाप एकटाच मालक नसल्यामुळे वाटणीच्या दिवशी तोही एक वाटेकरीच असतो, आणि म्हणून त्याचा वाटा त्याचाच राहतो. वडिलोपार्जित धनात पिता व पुत्र ह्यांचे स्वामित्व सारखे आहे, असे म्हणणारा ग्रंथ बापाला रिकाम्या हाताने उठू देत नाही. स्वतः कमावलेल्या धनाचा विभाग करावयाचा असेल, तर बापाने दोन वाटे ठेवून घ्यावे, अशीही मुभा जुन्या स्मृतींत आहे.

आणि आई? याज्ञवल्क्याने येथे जी तरतूद केली, ती ऐकून आजचे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थही चकित होतात. पित्याने जिवंतपणी मुलांचे समान वाटे केले, तर ज्या पत्नीस पतीकडून किंवा सासऱ्याकडून स्त्रीधन मिळालेले नाही तिला मुलाइतकाच वाटा द्यावा. मिळाले असेल तर ते वजा धरून द्यावा. पित्याच्या पश्चात मुले विभक्त झाली, तरी आईस मुलाइतका वाटा मिळावा. दोन मुलगे, आईबाप व एकूण चाळीस एकर जमीन असेल, तर विज्ञानेश्वराच्या हिशेबाने प्रत्येक मुलास दहा, बापास दहा व आईस दहा. म्हणजे निम्मी जमीन म्हाताऱ्यांच्या हाती राहते. मुलांनी पोसले तर उत्तमच. न पोसले तर वीस एकर अर्धेलीने देऊनही दोघांची भाकर सुटते. आईस वाटणी मागण्याचा स्वतंत्र अधिकार मात्र ह्या शास्त्राने दिला नाही; मुले वाटून घेतील तेव्हाच तिचा वाटा जागा होतो. ही उणीव खरी, आणि ती फार महागात पडली, हे पुढे दिसेल.

ह्याच ठिकाणी एक मौजेचा वाद सांगितल्यावाचून राहवत नाही. मुलगा विभक्त होऊन, पुढे बायको, मुलगा, मुलगी कोणीच मागे न ठेवता मरण पावला, तर त्याचे धन आईबापांकडे येते. परंतु आधी आईकडे की आधी बापाकडे? विज्ञानेश्वर म्हणतो, आईकडे. त्याची कारणे दोन. मूळ वचनात ‘पितरौ’ असा शब्द आहे. त्याचा विग्रह करिताना माता आधी येते. हे झाले व्याकरणाचे. दुसरे कारण व्यवहाराचे आहे : बाप हा सावत्र मुलांचाही बाप असू शकतो, आई मात्र आपल्याच मुलांची आई असते, म्हणून तिची जवळीक अधिक. पैठणच्या घराण्यातील नीलकंठभट्टांना हे पटले नाही. त्यांनी बापाला आधी बसविले. परिणामी गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण, जेथे मयूखास मान अधिक, तेथे बाप आधी. आणि देशावर, जेथे मिताक्षरा वरचढ, तेथे आई आधी, असा भेद न्यायालयांत अनेक दशके चालत राहिला. कल्याणीच्या पंडिताचा हा एका शब्दाचा विग्रह किती दूरवर पोचला आहे, हे थोड्याच वेळात कळेल.

आता ज्यांना असे वाटते, की आईबापांना टाकून देणे हे अलीकडच्या कलियुगाचे, किंवा शहरी सुधारणेचे, किंवा सुनांच्या शिक्षणाचे फळ आहे, त्यांनी जुने दंडक पाहावेत. समर्थ असून आई, बाप, बायको, मुले ह्यांचे पोषण न करणाऱ्यास कौटिल्य बारा पण दंड सांगतो. पतित झालेल्यांना पोसण्याचे बंधन तो काढून घेतो, पण आई पतित असली तरी तिला पोसलेच पाहिजे, असे बजावतो. याज्ञवल्क्य असा त्याग करणाऱ्यास शंभर पण, तर मनू सहाशे पण दंड लावितो. दंडाचा आकडा असा चढलेला पाहून मनात येते, की पुंडलिकाच्या गोष्टी ज्या समाजाला फार सांगाव्या लागतात, त्याला त्या गोष्टींची गरजही तितकीच असली पाहिजे. कोणी चोरी करीतच नसेल, तर चोरीचा दंड कोण लिहून ठेवील?

मराठी राज्यात वाटणीचे कागद होत, ते बहुधा वतनांच्या तंट्यांतून. वडीलकी कोणाची, मानपान कोणाचा, शिक्का कोणी करावयाचा, ह्यांवर मजालसी भरत व महजर होत. त्या कागदांत वडीलपणाचा मान पुष्कळ आहे, पण त्याचा अर्थ थोरल्या भावाची थोरवी. वृद्धाची भाकरी असा नव्हे. पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत आर्थर स्टील ह्या अधिकाऱ्याने शास्त्री व निरनिराळ्या जातींची वडीलधारी मंडळी ह्यांच्याकडून रीतिरिवाजांची माहिती गोळा केली. तिचे पुस्तक १८२७ साली निघाले. शास्त्र एक सांगते व जातीची चाल दुसरीच असते, हे सरकारदप्तरी त्यामुळे नोंदले गेले.

मृत्युपत्राविषयी म्हणाल, तर ही वस्तू आपल्या शास्त्रात नाही. तिला जुना संस्कृत शब्दही नाही. थोरले माधवराव पेशवे १७७२ साली थेऊर येथे अंथरुणास खिळले असता त्यांनी नऊ कलमांची एक यादी करविली, तिला इतिहासकार मृत्युपत्र म्हणतात, आणि तीत कर्ज फेडण्याची चिंता ठळक आहे. परंतु ती अखेरची आज्ञा होती. आपल्या मागे मालमत्ता कोणाला जावी हे ठरविण्याचा दस्तऐवज ह्या अर्थाने ते मृत्युपत्र नव्हे. ती कल्पना इंग्रजी न्यायालयांतून आली. आणि आली तीही लंगडत. एकत्र कुटुंबातील हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देऊ शकत नाही, कारण त्याने प्राण सोडताक्षणीच तो हिस्सा मागे राहिलेल्यांकडे गेलेला असतो, असे प्रिव्ही कौन्सिलने मुंबईकडील एका दाव्यात १८८० साली ठरविले. तेव्हा म्हाताऱ्याला स्वकष्टार्जितावर मृत्युपत्र करिता येई, वडिलोपार्जितावर नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदूंचे प्रत्येक मृत्युपत्र लेखी व साक्षीदारांसमोर झालेले असले पाहिजे, हा दंडकही सर्वत्र लागू झाला तो १९२७ च्या १ जानेवारीपासून.

मुंबईच्या हायकोर्टात १८९१ साली एक प्रश्न पूर्णपीठापुढे आला. बाप आपल्या बापाशी किंवा भावांशी एकत्र राहत असता, बापाची संमती नसताना मुलाने वाटणी मागावी काय? बहुमताने निर्णय झाला, की मागू नये. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग ह्यांनी मात्र भिन्न मत दिले. शास्त्रग्रंथ पाहता मुलाला तो हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे. विद्वत्तेच्या दृष्टीने तेलंगांची बाजू मला बळकट वाटते. पण नातवाने आजोबाच्या हयातीत घर फोडू नये, ही बहुमताची काळजीही केवळ इंग्रजी अडाणीपणाची होती, असे म्हणवत नाही.

ह्या साऱ्या घडामोडी घडत असता नांदूरघाट मात्र ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. तेथील न्यायालयांची भाषा उर्दू असली, तरी हिंदू कुटुंबांचे वारसाचे तंटे हिंदू धर्मशास्त्राप्रमाणेच चालत, आणि मुसलमान कुटुंबांचे शरीयतीप्रमाणे. एकाच गल्लीत दोन कायदे नांदत होते, आणि म्हाताऱ्यांच्या दृष्टीने त्यांची तुलना उद्बोधक आहे. शरीयतीत जन्मसिद्ध हक्क नाही. बाप जिवंत आहे तोवर मिळकत बापाची. मुलगा आधी वारला व त्याला मुलेबाळे असली, तरी त्याच्या धनातून आईस सहावा हिस्सा व बापास सहावा हिस्सा ठरलेला आहे. तो कोणी बुडवू शकत नाही. मृत्युपत्राने एकतृतीयांशापलीकडे देता येत नाही. बक्षीस द्यावयाचे तर ताबाही द्यावा लागतो, म्हणून देणारा दहादा विचार करितो. शेजारच्या हिंदू घरातील बापाला मुलगा गेल्यावर, नातवंडे असता, असा हिस्सा नव्हता.

आईवर, किंबहुना विधवेवर, येणारा प्रसंग याहून कठीण होता. एकत्र कुटुंबातील पुरुष वारला की त्याचा हिस्सा भावांकडे किंवा मुलांकडे जाई व विधवेस अन्नवस्त्र उरे. मुलांनी वाटणी केलीच नाही, किंवा मुलगा एकच असला, तर आईचा तो याज्ञवल्क्याने दिलेला वाटा कधी जागाच होत नसे. मी उणीव म्हटली ती हीच. डॉक्टर गोपाळराव देशमुख ह्यांच्या खटपटीने १९३७ साली जो कायदा झाला, त्याने विधवेस पतीच्या हिश्शात, तिच्या हयातीपुरते का होईना, स्थान मिळाले. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. शिवाय प्रांतांतील शेतजमिनीस तो लागू नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ साली सांगितले. शेतजमीन वगळली, की खेड्यातील म्हातारीला उरले काय? घरातील खाट आणि तांब्या.

१९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामी संपली. हिंदू वारसा कायदा १९५६ च्या १७ जूनला अंमलात आला, त्या दिवशी नांदूरघाट अजून हैदराबाद राज्यातच होते; साडेचार महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, मराठवाडा मुंबई राज्यात आला. एवढ्या एका वर्षात त्या गावातील म्हाताऱ्या माणसांची कायद्यातील स्थिती जितकी पालटली, तितकी विज्ञानेश्वरापासून तोपर्यंत पालटली नव्हती. विधवेच्या ताब्यातील मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. एकत्र कुटुंबातील आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा मिळाली. १८८० चा अडसर निघाला. त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगीच्या कायद्याने वृद्ध व अशक्त आईबापांच्या पोषणाची जबाबदारी मुलाबरोबर मुलीवरही घातली. आणि वारसांच्या पहिल्या वर्गात मुलगा, मुलगी, विधवा ह्यांच्या जोडीस एक नाव आले : आई. बाप पहिल्या वर्गात नाही. तो दुसऱ्या वर्गात आहे. कल्याणीच्या पंडिताने ‘पितरौ’ शब्द फोडून जी आई पुढे बसविली होती, ती साडेआठशे वर्षांनी दिल्लीच्या कायद्यात पुढेच राहिली, आणि पैठणकरांचा बाप मागे पडला.

शहरातील श्रोत्यांनी ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. पुण्यात नोकरी करणारा तरुण मृत्युपत्र न करिता वारला, तर त्याच्या धनात त्याच्या पत्नीच्या व मुलांच्या बरोबरीने त्याची आई वाटेकरी होते. त्याच्या शिक्षणासाठी ज्याने शेत गहाण टाकले तो बाप होत नाही. पारशी मंडळींच्या कायद्यात १९९१ पासून आई व बाप ह्या दोघांनाही मुलाच्या अपत्यास मिळणाऱ्या वाट्याच्या निम्मा वाटा मिळतो. हिंदू बापाची ही उपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. पण मुलाने दोन साक्षीदारांसमोर एक साधा कागद केला, तर ती दूर होते. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हवा तेव्हा बदलता येतो. विमा, बँक किंवा शेअर ह्यांवर कोणाचे तरी नाव नामनिर्देशित केले म्हणजे वारस नेमला, ही समजूतही सोडून द्यावी. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर ह्यांच्या पश्चात झालेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरांविषयी हेच सांगितले, की नामनिर्देशित माणूस केवळ त्या नावामुळे मालक होत नाही, वारसा ठरतो तो कायद्याने किंवा मृत्युपत्राने.

मुलींचा हक्क पुढे आणखी वाढला. महाराष्ट्राने १९९४ साली, व सबंध देशाने २००५ च्या ९ सप्टेंबरपासून, मुलीस जन्मतः सहहिस्सेदार केले. ह्याचा वृद्धांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. एका पित्याने कल्याण येथे वैद्यक व्यवसाय करणाऱ्या आपल्या विवाहित मुलीविरुद्ध पोटगी मागितली, तेव्हा १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज ग्राह्य धरिला. लग्न झाले म्हणून मुलीचे कर्तव्य संपत नाही. कर्तव्य मुलीवर आले, पण खेड्यात वारसनोंदीच्या वेळी बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची चाल गेली नाही. पुष्कळदा त्याच बैठकीत, त्याच पेनाने, आईचाही अंगठा उठतो.

स्वतःचे सर्वस्व हयातीत देऊन टाकण्याचा मोह केवळ आपल्याकडेच आहे, असे नाही. लियर राजाची कथा सर्वांस ठाऊक आहे; शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकातील गणपतराव बेलवलकर १९७० पासून तेच दुःख मराठी रंगभूमीवर भोगीत आहेत. परंतु जर्मनी व ऑस्ट्रियातील शेतकऱ्यांनी ह्यावर एक व्यवहारी उपाय काढिला होता. बाप शेत मुलाच्या हवाली करी, तेव्हा करार होई. त्यात म्हाताऱ्यांची खोली कोणती, वर्षाला धान्य किती, दूध किती, सरपण किती, आजारात शुश्रूषा कोणी करावयाची, हे सर्व लिहिले जाई, आणि तो बोजा जमिनीच्या दप्तरी चढे. शेत विकले तरी बोजा शेताबरोबर जाई. मुलावर अविश्वास म्हणून कोणी हा करार करीत नसे. पाऊस येवो न येवो, घरावर छप्पर घालावयाचे असते, तसा तो प्रकार होता.

आपल्या देशाने ह्याच वाटेवर पाऊल टाकिले ते २००७ साली. त्या वर्षीच्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाह व कल्याणाच्या कायद्याने साठ वर्षांवरील माणसास उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करिता येतो. मूळ योजनेत वकिलांना तेथे स्थान नाही. निर्वाहाची रक्कम महिना दहा हजार रुपयांपर्यंत. ज्याला मूलबाळ नाही, त्याला पोसण्याचा भार त्याच्या मिळकतीचा जो वारस होणार त्याच्यावर. म्हाताऱ्यास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मनूचे सहाशे पण आठवतात. शेजारच्या लातूर जिल्हा परिषदेने तर २०२०–२१ च्या सुमारास आईबापांना न सांभाळणाऱ्या आपल्या नोकरांच्या पगारातून तीस टक्के कापण्यास आरंभ केला.

ह्या कायद्याचे तेविसावे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. वृद्धाने आपल्याला सांभाळावे ह्या अटीवर मिळकत दिली व घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते देणे फसवणुकीने झाले असे धरून वृद्धास ते रद्द करवून घेता येते. मेख ‘अटीवर’ ह्या शब्दात आहे. अट होती हे दाखविता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या डिसेंबरात एका प्रकरणी म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणी, हा कायदा वृद्धांच्या हिताचा असल्यामुळे त्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगून एका मातेचे बक्षीसपत्र रद्द केले. तरीही ज्याच्या दस्तात एक ओळ स्पष्ट लिहिलेली आहे, त्याला उदार अर्थाची वाट पाहावी लागत नाही. ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ एवढेच लिहिण्याचा जो प्रघात बक्षीसपत्रांत पडला आहे, तो लेखनिकाच्या सोयीचा आहे, म्हाताऱ्याच्या नाही.

आता पुन्हा ओसरीवर येऊ. नांदूरघाटच्या परिसरातून, बीड जिल्ह्याच्या गावागावांतून, दसरादिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, साखर कारखान्यांच्या फडांवर मुलगे व सुना उन्हाळा लागेपर्यंत राबतात. घरी राहतात ती म्हातारी माणसे. मुले वाईट आहेत म्हणून नव्हे. कोयता चालविल्याशिवाय उचल फिटत नाही म्हणून. अशा घरात पाळीने जेवण्याची व्यवस्था म्हणजे वर्षातील निम्मे दिवस न चालणारी व्यवस्था. सातबारावर आपले नाव आहे तोवर आपले ऐकणारे कोणी आहे, हे तेथील कोणताही अडाणी म्हातारा ओळखून असतो. विज्ञानेश्वराचे नाव त्याने ऐकलेले नसते, पण सिद्धांत त्याला ठाऊक असतो.

आणि तरी वाटणी होतेच. महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याच्या पंच्याऐंशीव्या कलमाखाली तहसीलदारापुढे संमतीने वाटप करिता येते. त्या अर्जात मुलांची नावे गटवार असतात. म्हाताऱ्याच्या नावे एखादे एकर ठेवण्याची बुद्धी कधी कधी होते. म्हातारीचे नाव क्वचितच दिसते, जरी मुलाइतका वाटा तिला देण्याचे वचन याज्ञवल्क्याच्या काळापासून चालत आले आहे आणि आजचा कायदाही तो नाकारीत नाही. तिचा वाटा निघाला नाही, तर संमती कोणाची, हे विचारावयास हवे. पण विचारणारा बहुधा तोच असतो ज्याला तिचा वाटा मिळावयाचा असतो.

मग तलाठी फेरफार धरितो. चावडीवर नोटीस लागते. हरकत घेण्यास पंधरा दिवसांची मुदत असते. ती नोटीस म्हातारीला वाचून दाखविण्याइतका शिकलेला नातू घरात असतो, नाही असे नाही. पण ऊसतोडीच्या दिवसांत तोही आईबापांबरोबर फडावर गेलेला असतो.